‘शॉर्टसर्किटमुळे आग’ या बातमीच्या पुढे

चंद्रपुरात विमान हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मूर्तीचा विमानतळ कधी होणार? राजुरा तालुक्यातल्या मूर्ती-विहीरगावच्या त्या प्रस्तावित विमानतळावर मी इतक्या बातम्या लिहिल्या की आता शीर्षकच सुचत नाही. जमीन, जंगल, मंजुरी, पुन्हा जमीन. मोरव्याची धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथे येत नाही. असो. आज त्यावर लिहीत नाही. विमानाच्या भिंतीआड ज्या वायरी असतात त्यांच्याबद्दल आणि त्या वायरींच्या कागदांबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, विषय सुरुवातीला कोरडा वाटेल, पण तो फिरून आपल्याच जिल्ह्यात येतो. चहा घेऊन बसा.

माझा भाचा नागपूरला मिहानमध्ये नोकरीला आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं इकडेतिकडे केली आणि मग विमानांच्या कामात शिरला. घरच्यांची समजूत अशी की पोरगा विमानं दुरुस्त करतो. नात्यात, गावात तसंच सांगितलं जायचं. मागच्या दिवाळीत बोलता बोलता त्यानं खरं काय ते सांगितलं. तो विमानाला हात क्वचितच लावतो. जुन्या विमानात नवीन इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवायचं असलं की त्याच्या वायरिंगचे नकाशे काढणं, वायरींच्या याद्या करणं, फायली पूर्ण करणं हे त्याचं काम. भाऊजींचं तोंडच उतरलं. म्हणाले, “म्हणजे बाबूगिरीच करून राहिला ना तू?” पोरगा हसला, पण त्याला लागलं ते दिसलं. मी पत्रकार असल्यामुळे मला प्रश्न विचारायची सवय. रात्री गच्चीवर बसून त्याला दोन तास पिळलं.

आधी मिहानबद्दल, कारण आपल्याकडे मिहान म्हटलं की लोक एकदम दोन टोकांना जातात, एक तर सगळं फसलं किंवा सगळं सोनं. एअर इंडियानं बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगनं नागपुरात मोठ्या विमानांच्या देखभालीचं केंद्र उभारून दिलं. २०१५ मध्ये ते सुरू झालं. ७७७ सारखं अवाढव्य विमान आत जाईल असे हँगर तिथे आहेत. पुढे २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण देखभाल करणारी कंपनी सरकारकडेच राहिली. आजूबाजूला खासगी कंपन्याही आल्या. म्हणजे चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवर हे सगळं चालू आहे, आणि आपण मात्र धावपट्टीच्या पलीकडे विचारच करत नाही.

भाचा म्हणाला, “मामाजी, विमान पंचवीस-तीस वर्षं उडते. त्या मधात जग बदलते. नवीन नियम येतात, नवीन रेडिओ येतात. मग जुन्या विमानात ते घुसवावं लागते.”

उदाहरण त्यानं गगनचं दिलं. ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभी केलेली उपग्रह-व्यवस्था. जीपीएसमधली चूक ती दुरुस्त करून विमानाला सांगते, त्यामुळे उतरताना वैमानिकाला उंचीचंही नीट मार्गदर्शन मिळतं. मोठ्या विमानतळावर हे काम धावपट्टीजवळ बसवलेली महागडी यंत्रणा करते. छोट्या विमानतळाला ती परवडत नाही. गगन असलं तर त्या यंत्रणेशिवाय बरंच काही साधतं. २८ एप्रिल २०२२ ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला असं उतरवून दाखवलं गेलं. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांत गगनची सोय असावी असा नियमही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, आणला. आता विचार करा, उद्या मूर्तीला विमान उतरायचं झालं तर याच गोष्टीचा उपयोग होणार.

पण जुन्या विमानात हे बसवायचं म्हणजे दुकानातून डबा आणून स्क्रूनं आवळणं नाही. छतावर अँटेना लागतो, म्हणजे विमानाच्या कातडीला भोक पडतं. अँटेनापासून उपकरणापर्यंत केबल येते. उपकरणाला वीज लागते, ती कुठून घ्यायची हे ठरवावं लागतं. त्याची माहिती वैमानिकासमोरच्या पडद्यावर न्यावी लागते. विमानात आपल्या घरासारखी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज नसते. मोठ्या विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची एक आणि २८ व्होल्टची डीसी दुसरी. ती वेगवेगळ्या ‘बस’वर वाटलेली असते. बस म्हणजे आपल्या भाषेत मुख्य पट्टी, जिच्यावरून फाटे निघतात. काही पट्ट्या जीव वाचवणाऱ्या उपकरणांच्या, काही नुसत्या चहा गरम करायच्या. कुठली पट्टी संकटात आधी बंद करायची हे विमान बनवणाऱ्यानं ठरवून ठेवलेलं असतं.

मग याचे कागद. एक नकाशा तत्त्व दाखवतो, कोण कोणाला जोडलंय ते. दुसरा प्रत्यक्ष वायर दाखवतो, कुठल्या कनेक्टरच्या कितव्या पिनपासून कुठे, किती जाडीची. प्रत्येक वायरीला क्रमांक, आणि तो क्रमांक वायरीवर थोड्या थोड्या अंतरावर छापलेला. तिसरा नकाशा ती वायर विमानात कुठून जाते तो रस्ता दाखवतो, कारण एकाच कामाच्या दोन यंत्रणा असतील तर दोघींच्या वायरी एका जुडग्यातून न्यायच्या नसतात. एक जळली तर दुसरी वाचली पाहिजे. याशिवाय विजेचा हिशोब. नवीन उपकरण किती वीज खाईल, त्या पट्टीवर आधीच किती ओझं आहे, एक जनित्र बंद पडलं तर काय होईल. वजनाचा हिशोब वेगळा. वैमानिकाच्या पुस्तकाला जोडपान. देखभालवाल्यांना सूचना, ही वायर किती दिवसांनी तपासायची. हे सगळं डीजीसीएच्या नियमांप्रमाणे मंजूर झाल्याशिवाय विमानाला हात लागत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. हँगरमधला माणूस नकाशा घेऊन विमानात शिरतो आणि त्याला दिसतं की नकाशात जिथे मोकळी जागा दाखवली तिथे एक पाइप आहे. आपल्याकडचा मिस्त्री काय करेल? पाइपाच्या वरून वायर ओढेल आणि जेवायला जाईल. तिथे तो लाल पेनानं नकाशावर खूण करतो आणि नकाशा परत पाठवतो. भाच्याच्या टेबलावर तो लाल खुणांचा कागद येतो. तो नवीन आवृत्ती काढतो, ती तपासली जाते, मंजूर होते आणि मगच वायर पुढे सरकते. तोवर तिथलं काम थांबलेलं. “साहेब लोक ओरडतात ना जी,” भाचा म्हणाला, “पण नकाशात एक आणि विमानात दुसरं, असं ठेवता येत नाही.”

नकाशे जुळले नाहीत तर काय होतं याचं जगातलं सर्वांत महागडं उदाहरण एअरबस ए३८० चं. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे, चंद्रपूर-नागपूर जवळपास पावणेदोन वेळा जाऊन येण्याइतकी. जर्मनीत हॅम्बुर्गला एका सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समध्ये तुलूझला नवी. विमानाचे भाग जोडायला घेतले तर वायरींचे जुडगे आखूड पडायला लागले. २००६ मध्ये कंपनीला जाहीर करावं लागलं की विमानं उशिरा मिळतील. वरच्या लोकांच्या खुर्च्या गेल्या. पण त्यात कुणाचा जीव गेला नाही. घोळ जमिनीवरच सापडला.

स्विसएअर १११ ची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच मला सांगायची आहे.

२ सप्टेंबर १९९८. न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं एमडी-११ विमान, आत २२९ माणसं. उड्डाणानंतर सुमारे तासाभरात वैमानिकांना कॉकपिटमध्ये वास आला, मग थोडा धूर. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला उतरायचं ठरलं. वास आल्यापासून साधारण वीस मिनिटांत विमान समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

या विमानात काही काळापूर्वी प्रवाशांसाठी करमणुकीची नवीन यंत्रणा बसवली होती. सीटसमोर पडदा, सिनेमे, खेळ. त्या काळातली भारी चीज. मूळ विचार तिला ‘केबिन बस’वरून वीज द्यायचा होता, पण यंत्रणेची भूक मोठी होती, त्या पट्टीवर तेवढी वीज नव्हती. म्हणून ती दुसऱ्या एका पट्टीवर जोडली गेली. आता धूर आला तर वैमानिकाच्या यादीत पहिल्या कामांपैकी एक होतं केबिन बसचं बटण बंद करणं, म्हणजे गरजेची नसलेली सगळी वीज तुटावी. वैमानिकांनी ते बटण बंद केलंही. करमणुकीच्या यंत्रणेला त्यानं काहीच फरक पडणार नव्हता. ती दुसरीकडून वीज घेत होती, आणि वैमानिकाच्या पुस्तकात त्याची नोंद नव्हती.

कॅनडाच्या तपास यंत्रणेनं समुद्राच्या तळातून विमानाचा जवळजवळ सगळा सांगाडा वर काढला. साडेचार वर्षं लागली, २००३ मध्ये अहवाल आला. आग कॉकपिटच्या छताआड लागली, आणि ती पसरली ती तिथल्या इन्सुलेशनच्या आवरणामुळे, जे पेट घेणारं निघालं. करमणूक यंत्रणेच्या वायरीवर ठिणगी उडाल्याच्या खुणा सापडल्या. पण पहिली ठिणगी नेमकी हीच होती का, हे तपास करणाऱ्यांनी छातीठोकपणे म्हटलं नाही. साडेचार वर्षं आणि कोट्यवधी डॉलर खर्च करूनही त्यांनी न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून लिहिली नाही, हे मला पत्रकार म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट लिहिली. ही जोडणी विमानाच्या मूळ रचनेशी आणि संकटातल्या पद्धतीशी जुळत नव्हती, आणि मंजुरी देताना ते कुणी पकडलं नाही.

म्हणजे कागद होते बरं का. सही-शिक्के होते. प्रमाणपत्र होतं. फक्त एक साधा प्रश्न कागदावर आला नव्हता, वैमानिकानं सगळं बंद केलं म्हटल्यावर हे बंद होतं का?

या आणि अशाच काही अपघातांनंतर अमेरिकेनं २००७ मध्ये विमानातल्या वायरिंगला स्वतंत्र यंत्रणा मानून वेगळे नियम केले. तोवर वायर म्हणजे इंजिनाचा किंवा रेडिओचा शेपूट, असं समजलं जायचं. आता वायरीलाच स्वतःचा जन्मदाखला. भाच्याच्या टेबलावर जे कागद येतात त्यातले बरेच या मढ्यांमधून आलेले आहेत. ‘मढी’ हा शब्द त्याचा नाही, माझा आहे. तो इतकं कडू बोलत नाही.

अहमदाबादच्या अपघाताचं विचाराल म्हणून लिहितो. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं विमान पडलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० लोक गेले. कारण काय यावर मी काहीही बोलणार नाही, व्हॉट्सअॅपवर तज्ज्ञ पुष्कळ आहेत. पण महिन्याभरात आलेला प्राथमिक अहवाल मी वाचला, आणि एका गोष्टीपाशी थांबलो. त्यात लिहिलं होतं की विमानातला थ्रॉटलचा अमुक भाग २०१९ मध्ये बदलला, पुन्हा २०२३ मध्ये बदलला, आणि बदलण्याचं कारण इंधनाच्या स्विचशी संबंधित नव्हतं. स्विचच्या लॉकबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेतून एक सूचना निघाली होती, ती बंधनकारक नव्हती म्हणून ती तपासणी केली गेली नाही, हेही लिहिलं होतं. हे आवडो न आवडो, पण सांगता आलं. विमान जळून गेलं तरी त्यातला कुठला भाग कुठल्या वर्षी बदलला हे कागद सांगू शकले.

आता आपल्याकडे येतो.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात मध्यरात्रीनंतर आग. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. मी त्यानंतर बातमीसाठी भंडाऱ्याला गेलो होतो. दवाखान्याच्या आवारात, चहाच्या टपरीवर, अधिकाऱ्यांच्या तोंडी, आमच्या पत्रकारांच्या तोंडी एकच शब्द होता, शॉर्टसर्किट. राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. पुन्हा तोच शब्द.

वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल! दुकान जळलं, शॉर्टसर्किट. गोदाम जळलं, शॉर्टसर्किट. आपल्याकडे या शब्दावर बातमी संपते. कॅनडात तिथून तपास सुरू झाला होता. कुठल्या वायरीत? ती कधी टाकली? मूळ नकाशात होती का? कुणी जोडली, कुणी मंजूर केली, तिच्यावर किती ओझं होतं, मुख्य बटण पाडल्यावर ती बंद होत होती का?

२९२० मेगावॅटचं वीज केंद्र उशाला घेऊन झोपणारे आपण. वीज आपल्याला नवीन नाही. पण नकाशात नसलेली तार म्हणजे काय हेही आपल्याला पक्कं माहीत आहे. लाइनवर टाकलेला आकडा. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेला करंट, ज्यात वाघ मरतो, बिबट मरतो आणि पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारचा शेतकरीही मरतो. त्या तारेला क्रमांक नसतो, तिचा कागद नसतो, मेल्यावर ती गुंडाळून नेली की झालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही गावात विचारा.

सरकारी इमारतीतली जास्तीची वायर आणि ही तार यात फरक किती, हा प्रश्न मला गच्चीवर पडला. इमारत बांधली तेव्हा पंखे आणि ट्यूबलाइट होत्या. मग कूलर आले. मग एसी आले. मग संगणक, सर्व्हर, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, कोविडच्या वेळी यंत्रांवर यंत्रं. प्रत्येक वेळी एक ठेकेदार आला, जवळच्या बोर्डातून फाटा काढला, पट्टी मारली, बिल काढलं. विमानाच्या भाषेत सांगायचं तर यातला प्रत्येक फाटा एक बदल आहे, आणि त्याचा नकाशा निघायला हवा होता.

भाच्यानंच मला प्रश्न लिहून दिले. त्यावरून मी जिल्ह्यातल्या एका सरकारी इमारतीबद्दल माहिती अधिकारात अर्ज केला. नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. रोज शेकडो माणसं तिथे येतात एवढं सांगतो. साधे चार प्रश्न होते. इमारतीचा मूळ विद्युत नकाशा द्या. त्यानंतर वाढवलेल्या भाराची यादी वर्षवार द्या. वाढवलेल्या जोडण्या दाखवणारा आजचा नकाशा द्या. मुख्य स्विच बंद केल्यावर कुठली उपकरणं चालू राहतात, ते सांगा.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या प्रश्नावर, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ दुसऱ्यावर, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ तिसऱ्यावर, ‘निरंक.’ चौथ्यावर लिहिलं होतं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देणे अधिनियमात अभिप्रेत नाही. ऑडिटचं प्रमाणपत्र मात्र न मागता जोडलं होतं. एक पान, गोल शिक्का. ज्या इमारतीचा नकाशाच नाही तिचं ऑडिट कशाशी ताडून केलं, हे त्या पानावर नाही.

तिथल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. एक वायरमन भेटला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. त्याच्या डोक्यात सगळी इमारत आहे. कुठला बोर्ड कुठून येतो, कुठे दोन फेज एकत्र झालेत, पावसाळ्यात कुठली भिंत झटका देते. तो म्हणाला, “मले कोणी इचारलंच नाही साहेब, नाही तं लिहून देल्लं असतं.” दोन वर्षांनी ती इमारत त्याच्यासोबत घरी जाणार.

हे सगळं मी भाऊजींसमोर बोललो. ते ऐकत होते. मग पोराकडे पाहून म्हणाले, “हे काम आपल्या सरकारी दवाखान्यात कोण करते?” पोरगा म्हणाला, “कोणी नाही.” भाऊजी काही बोलले नाहीत. पानाचा डबा उघडला.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि ड्राफ्ट्समन हे दोन्ही ट्रेड शिकवतात. आपल्या दोन जिल्ह्यांत डिप्लोमा करून घरी बसलेली पोरं किती आहेत हे मी सांगायला नको. एका इमारतीत दोन पोरं आणि तो वायरमन पंधरा दिवस फिरले, बोर्ड उघडले, वायरींना क्रमांक दिले आणि कागदावर उतरवलं, तर त्या इमारतीचा नकाशा तयार होतो. भाच्याचा अंदाज आहे, माझा नाही. खर्च विमानतळाच्या एका सादरीकरणाइतकाही येणार नाही, हा अंदाज मात्र माझा.

पहिलं अपील मी केलं आहे. चौथा प्रश्न प्रश्नार्थक न ठेवता असा फिरवला: ‘मुख्य स्विच बंद केल्यानंतरही वीजपुरवठा सुरू राहणाऱ्या जोडण्यांची नोंद असलेल्या अभिलेखाची प्रत.’ तिथेही नाही मिळाली तर माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ आहेच, वेळ लागेल. दरम्यान तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात, शाळेत, वसतिगृहात, तहसीलमध्ये काम करत असेल तर एक करा. मुख्य विद्युत पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला आहे का, ते बघा. असेल तर त्यावरची तारीख मला कळवा. नसेल तर तेही कळवा. इनबॉक्समध्ये टाका, नाव येणार नाही.